जाळी धरलेलं पीठ फेकू नका, कापडाला लावा

डब्याच्या तळाशी राहिलेलं जाळी धरलेलं पीठ, किडे पडलेला मैदा, भाकरी थापताना कडा फाटायला लागल्या की "विरी गेली" म्हणून बाजूला सारलेलं ज्वारीचं जुनं पीठ. येडशीतल्या कुठल्याही घरात यातलं काहीतरी सापडतंच, आणि बहुतेक वेळा ते उकिरड्यावर जातं. माझं मागणं साधं आहे. यंदा ते दोन-चार वाट्या पीठ फेकू नका. त्याची खळ करा, मांजरपाटाच्या तुकड्यावर तिने नक्षी काढा, खडखडीत वाळू द्या आणि वरून रंग द्या. खळ बसली तिथे रंग शिरत नाही. कापड धुतलं की काळ्या किंवा निळ्या रंगामध्ये नक्षी कोरी उमटलेली दिसते.

असं अडवून रंगवायचं म्हटलं की आपल्याकडे पहिल्यांदा बाटिक आठवतं. शिबिरांतून ते पुष्कळजणींनी शिकलेलं असतं आणि घरी आल्यावर सोडूनही दिलेलं असतं. कारण उघड आहे. मेण विकत आणावं लागतं, सतत तापत ठेवावं लागतं, स्वयंपाकघरात त्याचा धूर होतो, जवळपास लहान मूल असलं तर जीव टांगणीला लागतो, आणि शेवटी मेण काढायला कापड उकळावं लागतं ते वेगळंच. पिठाच्या खळीला यातलं काहीच लागत नाही. ती गार पाण्यात भिजते आणि हाताने निघते. चुकली तर ओली असतानाच पुसून टाकता येते. म्हणून पहिला धडा पिठाचा घ्यावा, मेणाचा नंतर कधीतरी.

एक गोष्ट मात्र आधी स्पष्ट करतो. खाण्याजोगं पीठ या कामाला वापरू नये. आपल्या भागात १९७२ चा दुष्काळ पाहिलेली, मिलोची लाल भाकरी आणि सुकडी खाल्लेली माणसं अजून आहेत. त्यांच्यासमोर चांगलं पीठ कापडाला फासणं मला पटत नाही, तुम्हालाही पटू नये. आणि त्याची गरजही नाही. राजस्थानात दाबू नावाचं चिखलाचं छापकाम चालतं. तिथले छिपे काळी माती, चुना आणि डिंक यांत मुद्दाम किडीने पोखरलेल्या गव्हाचा भुगा घालतात. खायला निरुपयोगी झालेलं धान्यच त्यांच्या कामाचं असतं. एका रुमालाला दोन-तीन चमचे पीठ पुष्कळ होतं. तेवढं पीठ आपल्या गावात दर आठवड्याला वाया जातं.

आता खळ काय करते ते नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे नियम त्यातूनच निघतात. ओली खळ सुतांच्या मधल्या फटींत शिरते आणि वाळल्यावर तिथे घट्ट पापुद्रा धरते. हा पापुद्रा रंगाची वाट अडवतो. पण तो पिठाचाच आहे. पाणी लागलं की फुगणार, गरम पाणी लागलं की विरघळणार. म्हणून ज्या रंगाला उकळी लागते तो इथे चालत नाही. रंग थंड हवा, कापडाला थोडाच वेळ लागणारा हवा, आणि शक्य तिथे कापड रंगात बुडवण्यापेक्षा रंग ब्रशने वरून द्यावा. एवढं सांभाळलं तर दहातली नऊ कापडं साधतात. कांद्याच्या सालीच्या उकळत्या पाण्यात खळ लावलेलं कापड सोडलं तर पाच मिनिटांत नक्षीची पेज होते, आणि मग माणसं म्हणतात, हे काही खरं नाही.

हे खरं आहे, हे जगात ठिकठिकाणच्या लोकांनी आपापल्या स्वयंपाकघरातून सिद्ध केलेलं आहे. नायजेरियातल्या अबेओकुटा शहराच्या योरुबा बायका कसाव्याच्या कंदाच्या पिठाची खळ कोंबडीच्या पिसाने कापडावर काढतात आणि कापड निळीत बुडवतात. त्याला आदिरे एलेको म्हणतात. कसावा म्हणजे ज्याचा तमिळनाडूत सेलमच्या बाजूला साबुदाणा होतो आणि एकादशीला आपल्या ताटात येतो, तोच कंद. जपानात चिकट तांदळाचं पीठ आणि कोंडा वाफवून त्यात मीठ-चुना घालतात आणि कागदाच्या कोरीव साच्यातून ती खळ कापडावर ओढतात. या कामात मुरलेल्या केइसुके सेरिझावा यांना १९५६ साली त्यांच्या देशाने राष्ट्रीय ठेवा मानलं. चीनमध्ये सोयाबीनचं पीठ आणि चुना यांची खळ करून निळ्या-पांढऱ्या गोधड्या आणि पडदे रंगवत आले आहेत. सोयाबीन! धाराशिव-लातूरच्या शेतकऱ्याला त्याची ओळख करून द्यायला नको. आपण ते पोत्याने विकतो आणि भावाची वाट बघत बसतो. त्यातलं वाटीभर दळून कापडावर लावून बघावं, हे आपल्या मनातही येत नाही.

पिठाची आणि कापडाची सोयरीक आपल्याकडेही जुनीच आहे. सनगर घोंगडी विणतात तेव्हा ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात. सुती साडीला साबुदाण्याची खळ आणि धोतराला भाताची पेज घरोघर लागत होती. येडशीपासून जवळच्या तेरला, म्हणजे जुन्या तगर नगरीला, तर कापडाचा दोन हजार वर्षांचा दाखला आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये नोंद आहे, की पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर आहे आणि तिथून साधं कापड, नाना तऱ्हेची मलमल भडोचच्या बंदराकडे गाड्यांनी जाते. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात त्या काळाच्या वस्तू बघायला मिळतात. मुलांना एकदा दाखवून आणा. ज्या भागातून मलमल जात होती त्या भागात आज साधा रंगवलेला रुमालसुद्धा बाहेरून येतो, हे मला सलतं, म्हणून हे लिहितो आहे.

आता कामाचं.

सुरुवात काळ्या रंगाने करा असं मी आग्रहाने सांगेन. निळा रंग देखणा असतो, पण त्याचं भांडं सांभाळणं नवख्याला जड जातं. काळ्याला लागणारं सगळं मात्र येडशीतच मिळतं. लोखंडाचे गंजके खिळे, घोड्याचे जुने नाल, विळ्याचे तुकडे असं अर्धा किलो लोखंड घ्या. दोन लिटर पाणी आणि पाव किलोला जरा कमी गूळ. काळपट, स्वस्तातला गूळ चालतो. हे सगळं मातीच्या मडक्यात किंवा प्लॅस्टिकच्या बादलीत घालून वर सैल झाकण ठेवा. घट्ट लावू नका, आत आंबून वायू होतो. पंधरा ते वीस दिवस सावलीत राहू द्या, मधूनमधून काडीने ढवळा. वर फेस येईल, आंबूस वास सुटेल, पाणी काळपट होईल. मग फडक्यातून गाळून घ्या. छिपे काळ्या रंगासाठी असंच लोखंडाचं पाणी वापरतात. काष्ठौषधीच्या दुकानात हिराकस मिळते आणि तिचं पाणी लगेच तयार होतं, हे खरं. पण हात जरा सैल पडला तर ती सूत खाते आणि कापड वर्षा-दोन वर्षांत विरतं. गुळाच्या पाण्यातही अति केलं तर तोच धोका आहे, फक्त कमी. घाई नसेल तर गुळाचंच करा.

लोखंडाचं हे पाणी कोऱ्या कापडावर नुसता तांबूस डाग पाडतं. त्याला काळं करायला कापडात तुरट द्रव्य आधी मुरलेलं लागतं. ते हिरड्यात असतं, डाळिंबाच्या सालीत असतं आणि आपल्या माळावर ज्याचा काही हिशेबच नाही त्या बाभळीच्या शेंगांत भरपूर असतं. हिरडा आणि लोखंड यांची गाठ पडली की काळं होतं. पूर्वीची शाई याच रीतीने करत. शंभर ग्रॅम कापडाला वीस ग्रॅम हिरड्याची पूड कोमट पाण्यात कालवून कापड रात्रभर त्यात बुडवून ठेवा. सकाळी पिळा, पण धुऊ नका. पसरून वाळवा, मधे एकदा उलटा. कापड पिवळसर साय धरल्यासारखं दिसेल. तीच तुमच्या नक्षीची शेवटची छटा. बाभळीच्या शेंगा वापरणार असाल तर ठेचून उकळा, गाळा आणि पाणी निवल्यावर कापड भिजवा. रंग थोडा करडा येतो, मला तर तो हिरड्यापेक्षा आवडतो.

पण त्याच्याही आधी कापड बघून घ्या. बाजारात मांजरपाट म्हणून दिलेलं सगळंच सुती नसतं. कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरा आणि काडी लावा. कागद जळल्यासारखा वास आला आणि मऊ राख उरली तर सुती. वितळून कडक मणी झाला तर त्यात टेरिकॉट आहे, ते परत करा, त्यावर हा रंग बसायचा नाही. सुती कापडाला गिरणीची खळ असते. ती राहिली तर तुमचा रंग वरच्या वर राहतो आणि पहिल्या धुण्यात जातो. रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, दुसऱ्या दिवशी चमचाभर धुण्याचा सोडा घालून अर्धा तास उकळा, स्वच्छ धुवा. पाण्याचा थेंब टाकल्याबरोबर कापडाने शोषून घेतला तर झालं. थेंब वर तरंगत राहिला तर पुन्हा उकळा. घरातली जुनी धोतरं आणि मऊ झालेल्या सुती साड्या यांना हा खटाटोप लागत नाही. धुण्याधुण्याने त्यांची खळ केव्हाच गेलेली असते.

मग खळ. सोपी म्हणजे मैद्याची. एक वाटी मैदा, साधारण वाटीभर गार पाणी आणि दोन लहान चमचे तुरटीची पूड. गुठळी राहू देऊ नका, फडक्यातून गाळून घ्या. भज्याच्या पिठाएवढी दाट हवी. तुरटीने खळ लवकर कुजत नाही. हिरडा लावलेल्या कापडावर तिने नक्षी जरा जास्त पिवळी उमटते, तीही शोभतेच. मैद्याची खळ वाळली की कडक होते. कापड हलकेच चुरगाळलं की तिला तडे जातात आणि तड्यांतून रंग शिरून बारीक जाळ्या उमटतात. ज्यांना तडे नको असतील त्यांनी खळ शिजवून घ्यावी. ज्वारीच्या पिठाला शिजवल्याशिवाय गत्यंतरच नाही. भाकरीच्या पिठाला आपण आधण का घालतो? ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. पाणी साधारण सत्तर अंशांच्या वर गेलं की पिठाचे कण फुगून फुटतात आणि एकमेकांना धरतात. विरी गेलेल्या पिठातही ही उकड काम करते. वाटीभर पीठ गार पाण्यात कालवून तीन वाट्या उकळत्या पाण्यात सोडा आणि घट्ट होईपर्यंत हलवत राहा. येळवसेची आंबील करणारीला हे मी शिकवावं असं नाही. निवल्यावर त्यात पाव वाटी मैदा मिसळला तर पकड सुधारते. ही खळ रवाळ असते, बारीक रेघेच्या कामाची नाही. ती कापडावर सपाट पसरा आणि ओली असतानाच जुन्या फणीने तिच्यात रेघा ओढा. नांगरलेल्या रानासारखी नक्षी येते. साबुदाणा रात्रभर भिजवून, पारदर्शक होईपर्यंत शिजवून गाळला तर सगळ्यांत गुळगुळीत खळ मिळते. पिसाने किंवा काडीने नाजूक काम करायचं ते हिने.

हात चालवायला मेंदीचा कोन उत्तम. दुधाच्या रिकाम्या पिशवीचाही करता येतो. ज्या बायका दारात हातोहात ठिपक्यांची रांगोळी घालतात त्यांना कागदावर नक्षी काढून घ्यायची गरजच पडणार नाही. रांगोळी आहे, आजीच्या हातावरचं गोंदण आहे, तुळशीवृंदावन आहे, गोपद्म आहेत. मोबाइलवर बघून मोर आणि परदेशी फुलं काढत बसू नका. गोंदणाचे ठिपके कापडावर किती शोभतात, एकदा करून बघा. पुरुषमाणसांनी आणि पोरांनी जुन्या एक्सरेच्या फिल्मवर ब्लेडने नक्षी कोरून साचा करावा. साच्यावरून खळ खेळातल्या जुन्या पत्त्याने ओढली की एकसारखे दहा रुमाल निघतात.

कापड पाटावर किंवा पत्र्यावर प्लॅस्टिक पसरून त्यावर ताणून चिकटपट्टीने चारी बाजूंनी बसवा. खळ वाळताना आकसते आणि सैल कापडाचं भजं होतं. एक दिवस पूर्ण वाळू द्या. वरून वाळलेली वाटते पण जाड ठिपक्याच्या पोटात ओल असते. नखाने दाबून बघा, दबली तर थांबा. आपल्या बालाघाटाच्या माथ्यावरची कोरडी हवा या कामी फार उपयोगी पडते. कोकणात ज्याला दोन-तीन दिवस लागतील ते इथे दिवाळीनंतर एका उन्हात होतं. पावसाळ्यात मात्र नाद सोडा, खळीला बुरशी येते. चैत्र-वैशाखात उलटा त्रास होतो. ऊन इतकं कडक असतं की खळ वाळता वाळताच तडकून निघते. त्या दिवसांत सावलीत वाळवा आणि खळीत अर्धा चमचा मीठ घाला. मीठ थोडी ओल धरून ठेवतं. जपानी लोक मीठ घालतात ते याच कारणाने.

रंग देताना लोखंडाच्या पाण्यात थोडं चिंचोक्याचं पीठ शिजवून घट्टपणा आणा. छापकाम करणारे तेच करतात. पाणी पातळ राहिलं तर खळीच्या कडेखालून झिरपतं आणि रेघ फुटते. रुंद ब्रशने एकाच दिशेने, फार न घासता लावा. काळं लगेच दिसत नाही. आधी करडं दिसतं, हवा लागली की चढत जातं. रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी कापड गार पाण्यात अर्धा तास भिजवा, खळ फुगली की चमच्याच्या पाठीने हलकेच खरवडा आणि दोन-तीन पाण्यांत खळबळा. शेवटच्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घातला तर गुळाच्या आंबटपणाने सूत खराब होत नाही. धुण्याचं पाणी एका कापडाला बादलीभर लागतं. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या वस्तीत मी हे काम सुचवणार नाही. विहिरीला पाणी आहे तोवर करावं आणि फेब्रुवारीनंतर हात आखडता घ्यावा.

निळ्याबद्दल थोडक्यात. दुकानात पांढऱ्या कपड्यांना घालायची नीळ मिळते, ती ही नव्हे. तिने कापड रंगत नाही, ती पहिल्या पाण्यात निघून जाते. झाडाच्या निळीची पूड दक्षिणेकडून येते, महाग असते, पण थोडी पुरते. वजनाने एक भाग नीळ, दोन भाग चुना आणि तीन भाग गूळ गरम पाण्यात घालून भांडं झाकून ठेवायचं. पाणी हिरवट-पिवळं झालं आणि वर तांब्यासारखी साय चमकली की तयार. ते निवू द्या. सोयाबीनच्या खळीची गरज इथे पडते. दोन भाग बारीक दळलेलं, चाळलेलं सोयाबीन आणि एक भाग चुना पाण्यात मळून साच्यातून ओढा. चुन्याने ती पाण्याला साध्या पिठापेक्षा जास्त वेळ टिकते. या खळीत तुरटी अजिबात नको, भांड्याचा चुना मारला जातो. कापड एक-दोन मिनिटंच बुडवा, बाहेर काढून हवा लागू द्या, हिरव्याचं निळं होताना बघा, पूर्ण वाळवा आणि मग दुसरी बुडी. चार बुड्यांत चांगला गडद निळा येतो. वाळवण्याचा कंटाळा करून लागोपाठ बुडवलं तर खळ सुटते.

पळसाची फुलं आणि हळद यांचा मोह सगळ्यांना होतो. मुलांसोबत होळीला करा, आनंद घ्या. पण हे दोन्ही रंग सुती कापडावर उन्हाने उडतात, ते विकायच्या कापडाला वापरू नका. आणि पळस आणायला रामलिंगाच्या जंगलात जाऊ नका. येडशी रामलिंग घाट हे १९९७ पासून अभयारण्य आहे, अवघं बावीस चौरस किलोमीटरच्या आसपासचं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे तिथून परवानगीशिवाय फूल-पान-साल काहीही उचलता येत नाही. दंड राहू द्या बाजूला, एवढंसं जंगल आपल्या वाट्याला उरलंय, तिथली झाडं तिथल्या जनावरांची आणि पाखरांची आहेत. आपल्या बांधावर बाभळी कमी नाहीत.

आणखी काही गोष्टी बजावून सांगतो, कारण हे सगळं स्वयंपाकघरातलं असल्याने माणूस बेफिकीर होतो. रंगाची भांडी, चमचे, गाळणी एकदा वेगळी काढली की ती पुन्हा चुलीवर येता कामा नयेत. त्यांच्यावर लाल रंगाची खूण करा. चुना हाताळताना हातमोजे घाला, डोळ्यांत उडाला तर चोळू नका, भरपूर पाण्याने धुवा आणि दवाखाना गाठा. खरवडलेली खळ दिसायला भरड्यासारखी असते. कोंबड्या टिपतात, शेळी तोंड घालते. त्यात तुरटी, चुना, लोखंड असतं, म्हणून ती खड्ड्यात पुरा. कुंडीत किंवा गोठ्याकडे टाकू नका. मुंग्या-उंदरांना दूर ठेवायला काही ठिकाणी खळीत मोरचूद घालतात. घरात लेकरं असताना मोरचूद आणूच नका. कापड उंच दोरीवर वाळवलं आणि तीन-चार दिवसांत रंगवून धुऊन टाकलं की उंदरांचा प्रश्नच येत नाही. आणि कोणी बाजारातले झटपट रासायनिक रंग वापरले, तर त्याचं सांडपाणी ओढ्यात सोडू नका. तो ओढा खाली कोणाच्या तरी विहिरीला मिळतो.

बचत गटांतल्या बहिणींना वेगळं सांगायचं आहे. हे काम सुरू करायला कर्ज काढू नका, यंत्र घेऊ नका, प्रशिक्षणाच्या जाहिरातीला भुलून पैसे भरू नका. दोन मीटर मांजरपाट, एक मडकं आणि गळालेल्या बाभळीच्या शेंगा एवढ्यावर पहिला महिना काढा. गटातल्या चौघींनी चार वेगळ्या खळी करून बघाव्यात आणि तुकडे एकत्र ठेवून, कोणाचा कुठे फुटला, कोणाचा कुठे साधला हे वहीत लिहावं. शिंप्याकडे सुती कापडाच्या चिंध्या पडून असतात, त्या मागून आणा, सरावाला त्याच बऱ्या. विक्रीचं तेव्हाच बोला, जेव्हा तुमचा रुमाल दहा धुण्यांत टिकतो हे तुम्ही स्वतः धुऊन बघितलेलं असेल. गावावरून सोलापूर-धुळे महामार्ग जातो, श्रावणात रामलिंगाला गर्दी होते, तुळजापूरची वाट जवळ आहे. गिऱ्हाईक मिळेल. ते दुसऱ्यांदा आलं पाहिजे.

हे उगीच सांगत नाही. अबेओकुटाच्या बायकांचा आदिरेचा धंदा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला असा काही वाढला, की पश्चिम आफ्रिकेत दूरदूरचे व्यापारी त्यांच्या दारात येत. मग मागणी वाढली तशी घाई आली. बाजारची तयार नीळ आणि कॉस्टिक सोडा आला, काम न शिकलेले हातही त्यात उतरले. कापड फिकं पडायला आणि फाटायला लागलं. १९३० च्या दशकाच्या शेवटी गिऱ्हाइकाचा विश्वास उडाला आणि मागणी कोसळली. कला कुठे गेली नव्हती, पिसं तीच होती, कसावाही तोच होता. पुढे ते काम पुन्हा उभं राहिलं, पण मधल्या काळात कित्येक घरांचं उत्पन्न बुडालं.

शाळेतल्या गुरुजींना आणि बाईंना विनंती आहे, की कार्यानुभवाच्या तासाला हे एकदा करून बघा. कागदी फुलांपेक्षा पोरं यात जास्त रमतील, आणि पिष्ट म्हणजे काय, तुरट द्रव्य म्हणजे काय, लोखंड गंजतं म्हणजे काय, हे विज्ञानाच्या पुस्तकातले तीन धडे एका रुमालावर शिकून होतील. लहान वर्गांना लोखंडाचं पाणी देऊ नका. मैद्याची खळ आणि डाळिंबाच्या सालीचं गार पाणी पुरे.

वर्ध्याला मगन संग्रहालय आहे, ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. तिथे वनस्पतींच्या रंगांनी खादी रंगवण्याचं काम चालतं. गटातल्या कोणाचं विदर्भात जाणं झालं तर तिथे एक दिवस थांबून, रंग कसा पक्का करतात ते डोळ्यांनी बघून यावं. पुस्तकात दहा पानं वाचून जे कळत नाही ते बादलीपाशी उभं राहून कळतं.

बाकी सगळं एक-दोन दिवसांत जमवता येतं, पण लोखंडाच्या पाण्याला पंधरा-वीस दिवस लागतातच, त्याला घाई चालत नाही. म्हणून पीठ, कापड, नक्षी यांचा विचार मागाहून करा. आज लोहाराकडून किंवा भंगारवाल्याकडून अर्धा किलो गंजकं लोखंड आणा आणि गुळाच्या पाण्यात घालून ठेवा.